चित्राच्या कडा

स्वीडनमधल्या माल्मोहून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने सर्बियातल्या उझित्सेच्या स्थानकावर कोसानाच्या हातात पुडकं ठेवलं. "जपून न्या, आजी," तो म्हणाला. "पडदा मेलाय म्हणे. बाकी सगळं जिवंत आहे."

पुडक्यात तिच्या मुलाचा, वेल्कोचा, जुना लॅपटॉप होता. त्याच्या पडद्याला आरपार तडा गेला होता आणि त्यावर काहीच उमटत नव्हतं. पण वरचा कॅमेरा शाबूत होता, आणि केबल लावून लॅपटॉप टीव्हीला जोडला की जे तिथे दिसायचं ते टीव्हीवर दिसणार होतं. केबलही सोबत होती. वेल्कोने फोनवर सांगून ठेवलं होतं, "यंदा स्लावाला मला त्या फोनच्या काडेपेटीत बघायचं नाही. टीव्हीवर बघ. घरात आल्यासारखा दिसेन."

स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. कोसानाच्या सासरचा संत अलिंपिये. खांबावर उभं राहून त्याने आयुष्य काढलं, आणि त्याचा दिवस डिसेंबरात, नाताळाआधीच्या उपासात येतो. संत बापाकडून मुलाकडे जातो. विधवेकडे तो असतो तो ठेव म्हणून. नवरा त्रिफुन गेल्यापासून कोसाना ही ठेव सांभाळत होती. यंदा वेल्को आपणहून म्हणाला, "आई, आता मी करतो. मेणबत्ती माझ्या घरी लागू दे." तिने चर्चमधून मधमाशीच्या मेणाची मेणबत्ती आणली, संताची हातभर तसबीर कागदात गुंडाळली, आणि परतीच्या बसने दोन्ही पाठवून दिलं.

बस वळणाआड गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण नक्की काय पाठवलं.

स्लावाला कोणी कोणाला बोलावत नाही. बोलावणं हा अपमान समजतात. ज्याला आठवण असेल तो येतो, दार उघडं असतं, यजमान दिवसभर उभा राहून वाढतो. कोसानाच्या चौथ्या मजल्यावरच्या घराची बेल एरवी वाजायची ती मीटर बघणाऱ्याची, नाहीतर मजला चुकलेल्या कुणाची. अलिंपियेच्या दिवशी ती तिच्यासाठी वाजायची. संत वेल्कोकडे गेला की लोकांनी चार मजले चढायचं काही कारण उरणार नव्हतं. आणि तो दिला नाही, तर एक दिवस तो तिच्याबरोबरच विझणार होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि त्यांचा आपसात तह होत नव्हता.

शेवटी तिने एवढंच ठरवलं, की द्यायचं, पण डोळ्यांनी नीट बघून द्यायचं, आणि तोवर यंदाची स्लावा इथेही मांडायची. विणकाम गिरणीत तिचं काम तपासणीचं होतं. उजेड लावलेल्या काचेवरून कापडाचं थान सरकायचं, आणि तुटलेला धागा, सुटलेली गाठ तिच्या नजरेतून सुटली तर थेट दुकानात जायची. न बघता तिने आयुष्यात काही पुढे सोडलं नव्हतं.

केबल लावून पहिल्यांदा जोडलं तेव्हा टीव्हीवर जे आलं ते तिने तपासणीत नापास केलं असतं. प्रत्येक अक्षराला पांढरी किनार, आणि अक्षरं एकमेकांच्या अंगावर रेललेली. खालची पट्टी पडद्याच्या बाहेर गेली होती. मग वेल्कोचा चेहरा आला, दुधात भिजवलेल्या पावासारखा.

"दिसतोय का, आई?"

"दिसतोस. पिंजलेला दिसतोस."

तिने फोनवरूनही त्याला जोडून घेतलं आणि फोनचा कॅमेरा टीव्हीकडे धरला. आपलंच चित्र आईच्या घरात कसं दिसतंय ते तो बराच वेळ बघत राहिला.

"कडेचं काहीच येत नाही का तिथे?" त्याने विचारलं.

"नाही. तुझा एक कानसुद्धा चौकटीत गेलाय."

"मग राहू दे. टीव्ही जुना आहे, याहून बरं नाही व्हायचं. हात लावू नकोस, आहे तेही जाईल."

कोसानाला नवल वाटलं. लहानपणी याने रेडिओ उघडून त्याचे स्क्रू परातीत मांडले होते. बिघडलेली वस्तू बघून त्याचे हात शिवशिवायचे. तो आज राहू दे म्हणतो. पण तिने ते मनात बाजूला ठेवलं, गिरणीत संशयाचं थान बाजूला ठेवायची तसं, म्हणजे फेकलं नाही आणि पुढेही सोडलं नाही.

स्लावाच्या दिवशी सकाळी पाद्री येऊन गेला. पावावर खालून आडवा-उभा काप दिला, वाईन सोडली, आणि त्याने व कोसानाने मिळून पाव हातांत धरून गोल फिरवला आणि मोडला. तो एकट्याने फिरवता येत नाही, पलीकडून कोणीतरी धरायला लागतं. मग मेणबत्ती, शिजवलेल्या गव्हाचा अक्रोड घातलेला गोड, भाजलेली चवळी, तळलेला मासा. टेबल दोन्ही बाजूंनी ओढून लांब केलेलं. गिरणीतली एक मैत्रीण आली, कोट न काढता गहू खाल्ला, गुडघ्यांबद्दल बोलली आणि गेली. त्यानंतर घरात फक्त मेणबत्तीचा आवाज होता. कोसाना टेबलापाशी उभी राहिली. त्रिफुन या दिवशी कधी बसला नव्हता, तीही बसली नव्हती.

दुपारी दुसऱ्या मजल्यावरचा मिलोये आणि त्याची बायको बुदिम्का आली. मिलोये बेलग्रेडच्या बसवर ड्रायव्हर होता. निवृत्त झाला तरी दारात उभा राहिला की प्रवासी मोजल्यासारखं आत बघायचा.

"शेजारीणबाई, स्लावा सुखाची जावो. घर भरलेलं राहो."

"भरलेल्या घराचं राहू दे, आधी बूट काढ," बुदिम्का म्हणाली. "कोसाना, याला राकियाचा एकच पेला दे. जिन्यात मला सांगत होता, तिसऱ्या मजल्यापर्यंत रक्तदाब ठीक असतो म्हणून."

"मग चौथ्यावर औषध घ्यायलाच हवं ना," मिलोये म्हणाला, पेला घेतला आणि टीव्हीकडे वळला. तिथे लॅपटॉपचं चित्र लागलेलं होतं. "हे काय? बाहेरचं धुकं पुरलं नाही म्हणून आत घेतलंत?"

"थोड्या वेळाने वेल्को येईल त्यावर. तो म्हणाला याहून बरं नाही होत."

"स्वीडनमध्ये बसून त्याला काय कळतं. रिमोट कुठाय?"

रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून ठेवलेला होता. मिलोये पिशवी काढू लागला तशी कोसाना म्हणाली, "वरूनच दाबा." पिशवी त्रिफुनने चढवली होती.

मिलोयेने वरूनच दाबलं. बुदिम्काचा चष्मा तिच्या नाकावरून उचलून आपल्या नाकावर ठेवला आणि टीव्हीच्या यादीतून वाचू लागला. "आवाज... भाषा... चित्राचा आकार. हा बघा, आकार आहे 'मोठा'. हा कोणी मोठा करून ठेवलाय?"

"त्रिफुनने. बाजूला काळ्या पट्ट्या आल्या की चिडायचा. म्हणायचा, अख्ख्या काचेचे पैसे मोजलेत, अर्धी काळी का बघू."

"अहो, पण त्याने चित्र ओढून मोठं होतं आणि कडा बाहेर सांडतात. सामन्याचा स्कोअर कोपऱ्यात असतो, तो दिसणारच नाही."

"नाहीच दिसायचा."

मिलोये थांबला. "म्हणून तो अर्ध्या खेळात स्कोअर विचारायला आमच्याकडे यायचा. मला वाटायचं, राकियासाठी येतो."

"दोन्हीसाठी यायचा," बुदिम्का म्हणाली. "माझा चष्मा दे."

मिलोयेने यादीत खाली जाऊन 'आहे तसा' निवडलं. चित्र दचकल्यासारखं एकदा आत गेलं, आणि चारी बाजूंनी जे बाहेर सांडलेलं होतं ते परत आलं. खालची पट्टी आली, कोपऱ्यात घड्याळ आलं. इतकी वर्षं हे चौकटीमागे होतं आणि आपण टीव्हीचं तोंड तेवढंच समजत होतो, असं कोसानाला वाटलं. त्रिफुनची एक खूण पुसली गेली हेही तिच्या ध्यानात आलं.

अक्षरांभोवतीची पांढरी किनार मात्र तशीच होती.

"धार कमी आहे," मिलोये म्हणाला. "इथे 'तीक्ष्णता' आहे. वाढवतो."

"ती आधीच टोकाला आहे. खाली आणा."

"खाली? मग आणखी धुरकट होईल."

"आणा तरी. दिवा फार प्रखर केला की धागा नुसता चमकतो, दिसत नाही. ही किनार चित्रातली नाही, टीव्हीने स्वतः काढलेली आहे."

मिलोये एकेक घर खाली येत गेला. किनार बारीक झाली, मग गेली. आता उरला होता लॅपटॉप. तो टीव्हीला त्याच्या काचेवर मावणाऱ्या ठिपक्यांहून कमी ठिपके पाठवत होता, आणि टीव्ही ते ताणून बसवत होता. हे मिलोयेला त्याच्या जावयाने फुटबॉलच्या वेळी शिकवलं होतं. माऊस धरून तो बस मागे घ्यावी तसा खांद्यावरून बघत यादीत गेला, आणि ज्या आकड्यासमोर 'शिफारस' लिहिलं होतं तो दाबला. पडदा काळा झाला. बुदिम्का म्हणाली, "झालं, मारलंस." मग चित्र परत आलं.

कोसाना टेबलापलीकडे उभी होती. तिथून तिने खालच्या पट्टीतली सगळ्यात बारीक अक्षरं वाचली. एकही अक्षर दुसऱ्याला टेकलेलं नव्हतं.

"पास," ती म्हणाली. दिवसभरात ती पहिल्यांदा हसली.

ठरल्या वेळी वेल्कोचा फोन आला, आणि तो टीव्हीवर उभा राहिला.

पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. त्याच्या पुढ्यात टेबल, टेबलावर तिने पाठवलेली मेणबत्ती. मागे भिंतीवर तसबीर. ज्योत खरी होती. तिच्या बुडाचा निळा भागसुद्धा दिसत होता. मेणबत्तीजवळ पाव होता, आणि तो विकतचा नव्हता. वरचा क्रूस एका अंगाला कललेला, वेणीची टोकं करपलेली. त्याने स्वतः भाजला होता. संत पोचला होता. तो जाणार होता, आणि नीट जागी जाणार होता.

"सुखाची जावो, यजमान," मिलोये ओरडला. कॅमेऱ्याशी ओरडून बोलावं लागतं असं त्याला वाटायचं.

"तुमचीही, मिलोयेकाका. बुदिम्काकाकू, बऱ्या आहात ना?"

"उभा आहेस ना रे?" कोसानाने विचारलं.

"सकाळपासून. यजमान झालो ना."

"पाव फिरवला?"

"सकाळीच. तिघांनी. लुका शाळेत जायच्या आधी."

"आणि आन्या?" नातवाचं कळल्यावर तिने सुनेचं विचारलं.

"स्वयंपाकघरात आहे." त्याने उजवीकडे बघितलं, आत कोणी असल्यावर माणूस बघतो तसं. "हात पिठाचे आहेत तिचे. येईलच."

आठवड्याभरापूर्वी ही नजर चौकटीपाशी संपली असती. आज ती पुढे गेली, आणि कोसाना तिच्यामागून गेली. त्या बाजूला, टेबलाला लागूनच, छोटा फ्रिज होता. त्यावर दोन चकत्यांची विजेची शेगडी, शेगडीवर एक पातेलं. तेच स्वयंपाकघर होतं. तिथे कोणी नव्हतं.

तिने सवयीने डावीकडून पुन्हा सुरुवात केली, थान सरकतं तशी. भिंतीला लावलेली अरुंद खाट. घडी घातलेलं पांघरूण, एक उशी. खिळ्यावर हँगरला लागलेले शर्ट, सगळे त्याचे. मग मेणबत्ती. मग पाव. पाव अख्खा होता, कुठेच मोडलेला नव्हता. मग पुन्हा फ्रिज. मुलाची एकही वस्तू नाही, बाईची एकही वस्तू नाही. एवढ्या स्वच्छ चित्रात ती दिसली नसती असं झालंच नसतं.

'कडेचं काहीच येत नाही का?' असं त्याने विचारलं होतं. बाजूला ठेवलेलं थान आता तिच्या काचेवर होतं.

"अगं, पण स्वयंपाकघर तर..." बुदिम्काने सुरुवात केली, आणि टेबलाखाली मिलोयेचा पाय तिला लागला. मिलोयेने हलकेच रिमोट उचलला, कॅमेऱ्याला पाठ केली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "शेजारीणबाई, पहिलं बरं होतं. परत मोठं करू का?"

कोसानाने त्याच्या हातातून रिमोट घेतला आणि पिशवीसकट ॲप्रनच्या खिशात टाकला.

टीव्हीवर वेल्को बोलत होता. बर्फाबद्दल, कामाच्या पाळीबद्दल, लुकाला गणित जमतं त्याबद्दल. पोटात काही लपवलेलं नसल्यासारखं, एकामागून एक. तो उभा होता. त्याच्यासमोर चार खुर्च्यांचं टेबल होतं आणि त्यावर एकच ताट होतं. यजमान होता, संत होता, मेणबत्ती होती. पाहुणा नव्हता. न बोलावता येणारं माणूस त्या खोलीपर्यंत कुठून यायचं, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला आणि उत्तर द्यायला तिला फार वेळ लागला नाही.

तिने टेबलाखालची खुर्ची ओढली, टीव्हीसमोर आणून ठेवली, ॲप्रन सारखा केला आणि बसली.

बुदिम्काने तोंडावर हात ठेवला. मिलोये बसला होता तो उठून उभा राहिला. का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

वेल्कोचं बोलणं थांबलं. "आई, तू बसलीस?"

"पाहुणीने काय उभं राहायचं?"

"कोणाची पाहुणी?"

"तुझी. न बोलावता आलेय. तसंच यायचं असतं."

"मग आज तुझ्याकडे..."

"माझ्याकडे आज काही नाही. यंदापासून तुझ्याकडे. वाढ मला."

"थांब, आन्याला सांगतो."

"तिचे हात पिठाचे आहेत," कोसाना म्हणाली. "तू वाढ."

वेल्को शेगडीकडे निघाला, दोनच पावलं होती, आणि पातेल्याचं झाकण उचलून मध्येच थांबला. तिच्याकडे पाठ असतानाच त्याने विचारलं, "आई, चित्र अजून पिंजलेलंच आहे ना तुझ्याकडे?"

मिलोयेने कोसानाकडे बघितलं. मान हलवून तो तिला काहीतरी सुचवत होता, बहुधा हो म्हणा असं.

"नाही," ती म्हणाली. "मिलोयेने नीट केलं. कडा आल्या. सगळं दिसतं."

त्याच्या हातातल्या डावातून एक थेंब शेगडीवर पडला आणि चुरचुरला. लॅपटॉपमधून तेवढा आवाजसुद्धा आला. तो वळला नाही. पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्री नव्हती. त्याने पुढचाच भाग केला होता, जो दिसणार होता तेवढाच.

"वसंतात गेली," तो म्हणाला. "लुका तिच्याकडे असतो. रविवारी येतो."

"बरं."

"सांगणार होतो. स्लावा होऊ दे म्हटलं आधी. नाहीतर तू म्हणाली असतीस, बाईशिवाय, मुलाशिवाय घर कसलं, आणि घर नाही तर संत कसला."

कोसानाने विचार केला. महिनाभरापूर्वी कळलं असतं तर तिने हेच म्हटलं असतं, आणि त्या निमित्ताने संत स्वतःकडे ठेवून घेतला असता. बेल राहिली असती.

"चवळी गार होतेय," ती म्हणाली.

त्याने फ्रिजच्या मागून दुसरं ताट काढलं, पुसलं, त्यात वाढलं आणि टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या अगदी समोर आणून ठेवलं. ताटाचा काठ मोठा होऊन पडद्याच्या खालच्या अंगाला आला. चवळीवर मिरची होती, कांदा थोडा जास्तच तपकिरी झाला होता. बुदिम्काने न विचारता कोसानाच्या टेबलावरची चवळी एका ताटलीत काढून तिच्या मांडीवर दिली. कोसानाने एक घास खाल्ला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"तुझ्यात की माझ्यात?" वेल्कोने विचारलं. मिलोये फिस्कन हसला आणि लगेच खोकला.

"आता पाव काप. मी धरते."

त्याने पाव उलटा करून सुरीने आडवा-उभा काप दिला, वाईनचे थेंब सोडले, आणि पाव दोन्ही हातांत घेऊन कॅमेऱ्यापुढे आला. अलीकडचा अर्धा भाग रिकामा होता, धरणारे हात नव्हते. कोसानाने ताटली खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले, काचेपासून वीतभर अलीकडे. वेल्को हळू फिरवू लागला. तीही फिरवू लागली. त्याचं डावं तिचं उजवं होत होतं, हात उलटसुलट जात होते, तरी दोघांपैकी कोणी थांबलं नाही.

तेवढ्यात दाराची बेल वाजली.

कोणीतरी आठवण ठेवून चार मजले चढून आलं होतं. सकाळपासून कोसाना हाच आवाज ऐकायला उभी होती. मिलोयेने तिच्याकडे बघितलं, बुदिम्कानेही. पाहुण्याला यजमानाने दारात घ्यायचं असतं.

कोसाना खुर्चीतून हलली नाही. तिची नजर पावावर होती, तो अजून पुरता फिरून झाला नव्हता.

"जा, बुदिम्का, तूच उघड," ती म्हणाली. "आणि जे कोणी असेल त्याला सांग, स्लावा आता वेल्कोकडे असते."